उजवा कप्पा

क्लिफर्ड ऑल्ड्रॉइडचा टोस्ट करपला की आम्ही सगळे थंडीत बाहेर. लॅबर्नम कोर्ट या आमच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीचा नियमच तसा आहे. एका घरात धूर झाला की अख्ख्या इमारतीत घंटा बोंबलते, आणि ती बोंबलली की ज्याने त्याने हातातलं टाकून मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभं राहायचं, बंबवाले येऊन ‘जा आता आत’ म्हणेपर्यंत. आम्ही सगळी ऐंशीच्या अल्याडपल्याडची माणसं. कुणाच्या हातात काठी, कुणाचे दात आतच राहिलेले. तळमजल्यावरचे एक गृहस्थ पोपटाचा पिंजरा घेऊन येतात, त्याच्यावर स्वतःचा कोट पांघरतात आणि स्वतः कुडकुडत उभे राहतात. मी झोपायच्या गाऊनवर रेनकोट चढवून जायची आणि जाताजाता क्लिफर्डला बोलायची. मनातल्या मनात नव्हे, चांगली मोठ्यांदा.

"अहो, पाव भाजायचाय की त्याचे अंत्यसंस्कार करायचेत?"

तो सगळ्यांच्या मागे मान खाली घालून उभा असायचा. टाय बांधलेला, बूट चकचकीत. सकाळी आठ वाजता त्या सगळ्या लक्तरांत नीट कपडे केलेला तेवढा एकच माणूस.

"चुकलं, डोरीनबाई," एवढंच म्हणायचा.

डोरीन म्हणजे मी. डोरीन हिंचक्लिफ, त्याची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. जन्मभर मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढलं, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि कुणाचे लाड करायची मला सवय नाही. क्लिफर्डविरुद्ध पहिली तक्रार मीच केली होती. आजही म्हणेन, बरोबर केली. तीनदा गारठ्यात उभं राहून माझे गुडघे आठवडाभर ठणकत होते.

पण माणूस काय होता ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

क्लिफर्ड रेल्वेतला. आमच्या खोऱ्यातून जी गाडी लँकेशायरकडे जाते, तिच्या सिग्नलच्या केबिनमध्ये त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. लाकडी जिना, वर काचेची खोली, खोलीत ओळीने लोखंडी लिव्हर आणि एक कोळशाची शेगडी. पलीकडच्या केबिनमधून घंटेचे ठोके यायचे, तेवढीच काय ती सोबत. तासन्‌तास माणसाचं तोंड दिसायचं नाही. दिसायची ती गाडीच्या खिडकीतून सर्रकन निघून जायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. शेगडीच्या जाळीसमोर लांब दांड्याच्या काट्याला पावाचा स्लाइस टोचून धरायचा आणि रंग बघत बसायचा. "केबिनमध्ये माझा एकही स्लाइस जळला नाही," असं तो एकदा मला म्हणाला होता, आणि इतक्या गंभीरपणे, की जणू सरकारने त्याबद्दल त्याला पदक द्यायला हवं होतं.

केबिनखाली फाटक होतं. गिरणीच्या ऑफिसात कामाला जाणारी एनिड रोज सायकलवरून त्या फाटकाशी यायची आणि रोज फाटक तिच्या तोंडावर बंद व्हायचं. गाडी यायला चिक्कार वेळ असायचा. शेवटी एक दिवस ती खालून ओरडली, "ओ फाटकवाले, तुमची गाडी मँचेस्टरहून चालत येतेय का?" त्याने फाटक उघडून तिला जाऊ दिलं. क्लिफर्डने नोकरीभरात नियम मोडला असेल तर तेवढाच. ही गोष्ट एनिड मला इतक्यांदा सांगायची की मला ती पाठ झाली होती, आणि तो दर वेळी तितकाच लाल व्हायचा.

लग्नात रेल्वेतल्या दोस्तांनी त्यांना टोस्टर दिला. त्या काळात ती मोठीच चैन. पितळेसारखा जड, आरशासारखा लखलखीत, दोन कप्प्यांचा. दर शुक्रवारी एनिड त्याची तळाची ताटली ओढून पावाचा चुरा झटकायची आणि व्हिनेगरच्या फडक्याने त्याला पुसायची. ग्रॅहम, त्यांचा मुलगा, मोठा झाला, कॅनडाला गेला, तिकडचाच झाला. केबिन बंद पडली, सिग्नल कुठूनतरी लांबून चालायला लागले. घर विकून दोघं लॅबर्नम कोर्टात आली. टोस्टर त्यांच्याबरोबर होताच. डावा कप्पा क्लिफर्डचा, उजवा एनिडचा. पलंगाची डावी बाजू त्याची, उजवी तिची, तसंच. सकाळी भिंतीपलीकडून दट्ट्या खाली गेल्याचा खटका यायचा आणि थोड्या वेळाने दोन्ही टोस्ट उडाल्याचा. तो ऐकला की मी चहाचं पाणी ठेवायची.

त्याच्या टोस्टवर फक्त लोणी. तिच्यावर तिचा तो मुरंबा. जानेवारीत बाजारात कडू संत्री आली की एनिड मोठं पातेलं चढवायची, आणि सगळ्या मजल्यावर त्याचा वास दोन दिवस हलायचा नाही. सालीच्या जाड चिरा, कडू जहर. दरवर्षी एक बाटली मला द्यायची आणि मी दरवर्षी ती चर्चच्या विक्रीला नेऊन ठेवायची. मला लहानपणापासून कडू संत्र्याचा वाससुद्धा सोसत नाही. एनिडला हे मी कधी कळू दिलं नाही. काही बाबतीत मी भित्री आहे.

ती गेली हिवाळ्याच्या शेवटी. बाटल्या भरून फडताळात लावून ठेवल्या होत्या, त्यावर कापडाच्या टोप्या बांधल्या होत्या, आणि मग आठ-दहा दिवसांत न्यूमोनियाने गेली. ग्रॅहम आला, अंत्यविधीला उभा राहिला, वडिलांना मिठी मारली आणि परत गेला. रविवारी फोन करतो. मुलगा वाईट नाही, लांब आहे.

त्यानंतर भिंतीपलीकडून एकच खटका यायला लागला. दट्ट्या खाली गेल्याचा. वर आल्याचा यायचाच नाही. त्याऐवजी कधीकधी घंटा.

लॅबर्नम कोर्टची व्यवस्था बघते ती जॅनीन. वय चाळीस असेल-नसेल, पण आम्हा सगळ्यांना ‘बाळा’ म्हणते. तिच्या आईची आई शोभेन मी, तरी बाळा. तिसऱ्यांदा बंब येऊन गेला तेव्हा बंबवाल्यांच्या मुख्याने तिला चार शब्द सुनावले, आणि तिने ते आठ करून क्लिफर्डला ऐकवले. व्हरांड्यातच. मी माझ्या दाराची फट ठेवून ऐकत होते. माझा तो हक्कच आहे, घंटा माझ्याही घरात वाजते.

"हे बघ बाळा," जॅनीन म्हणाली, "मी तुला नवा टोस्टर आणून दिला होता ना? कुठंय तो?"

"सिंकखाली. खोक्यात."

"खोक्यात! आणि हा जुनाट डबा अजून वापरतोयस?"

"चांगला चालतोय तो."

"चालतोय? अरे, तीनदा बंब आलाय! मला तर वाटतं, तुझं लक्ष राहत नाही आता. विसरायला होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी ग्रॅहमशी बोलले."

क्लिफर्डने टायची गाठ नीट केली.

"तो म्हणतो, बाबांना झेपत नसेल तर तिथल्या जवळच्या हॅलिफॅक्सच्या वृद्धाश्रमात बघा. छान आहे. सगळं हातात मिळतं. टोस्टसुद्धा आयता."

"आयता म्हणजे गार," क्लिफर्ड म्हणाला.

"नगर कौन्सिलची बाई येईल मंगळवारी. तुझं स्वयंपाकघर बघेल, तुला चहा आणि टोस्ट करायला सांगेल. तू नीट केलंस तर राहशील इथंच. नाही केलंस, तर मग बाळा, माझ्या हातात काही नाही."

मी दार लावून घेतलं. तक्रार करणं निराळं आणि माणसाला उचलून हॅलिफॅक्सला नेऊन टाकणं निराळं. क्लिफर्डच्या खिडकीतून खाली रेल्वेचा पूल दिसतो. त्या वृद्धाश्रमाच्या खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसते. माझी बहीण तिथंच होती, मी जाऊन आलेली आहे. तिथे गेलेलं माणूस आधी टाय बांधायचं सोडतं, मग बोलायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्याचं दार ठोकलं. सोबत अर्धा पाव नेला, रिकाम्या हाताने जायचं बरं दिसत नाही म्हणून.

"हं, करा बघू माझ्यासमोर टोस्ट," मी म्हटलं. "शाळेत मी हजारो भाजलेत. चूक कुठे होते ती सांगते."

"बसा तर खरं," तो म्हणाला. मी एनिडच्या खुर्चीला हात लावला, तशी त्याने चटकन कोपऱ्यातलं स्टूल पुढे केलं. मी स्टुलावर बसले.

त्याने दोन स्लाइस काढले, एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी, दोन कप्प्यांत टाकले, दट्ट्या दाबला. आम्ही दोघं त्या यंत्राकडे टक लावून बसलो. खट्ट करून दोन्ही वर आले. सोन्यासारखे. कडेला जरा गडद, मधे मऊ. माझ्या आयुष्यात मी इतका चांगला टोस्ट पाहिला नव्हता, आणि मला रागच आला.

"मग रोज काय भूत संचारतं का याच्यात?"

क्लिफर्डने हनुवटी खाजवली. "डोरीनबाई, या टोस्टरची एक खोड आहे. पाव भाजला की नाही हे ओळखणारी एक पट्टी असते आत. ती फक्त उजव्या कप्प्याला आहे. उजवीकडे पाव असला की तिला कळतं, झालं, सोडा आता. उजवीकडे काही नसेल तर ती वाट बघत बसते. तोवर डावीकडचा जळून जातो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून. रेल्वेतला माणूस मी."

"अहो, मग उजवीकडे घाला की एक स्लाइस! संपलं!"

"उजवा एनिडचा आहे," तो म्हणाला.

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मी तरी बोललेच. ती माझी सवय आहे.

"एनिड काही रागावणार नाही."

"रागावली असती तर घातला असता," क्लिफर्ड म्हणाला. "मी हातात स्लाइस धरून उभा राहतो रोज. हात तिकडे जातच नाही. एकदा घातला होता. मग खाववेना."

"बरं, दोन घाला. एक पक्ष्यांना टाका."

"तेही केलं. दुसरा बशीत पडून राहतो. त्याच्याकडे बघत बसावं लागतं दुपारपर्यंत. त्यापेक्षा डावीकडे घालतो आणि वेळेवर प्लग ओढायचा म्हणतो. जमतंसुद्धा पुष्कळदा. पण कधी आठची गाडी नेमकी त्याच वेळी पुलावरून जाते, आणि ती गेली की..." त्याने खिडकीकडे हात केला आणि तसाच ठेवला. "बघत राहतो मी. शेवटचा डबा जाईपर्यंत बघायचा असतो. तशी शिस्तच आहे आमची."

"आणि जॅनीनचा नवा टोस्टर?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्याला दुसरं लग्न सुचवलं होतं.

मी घरी आले आणि रागारागाने भांडी घासली. घासायला होतं काय? एक कप आणि एक बशी. माझा रॉनी जाऊन इतकी वर्षं झाली की त्याचा आवाज नीट आठवत नाही. मी टोस्ट करतच नाही. एका स्लाइससाठी कुठे टोस्टर काढा, पुसा, ठेवा? पाकिटातून पाव काढते आणि सिंकपाशी उभी राहून तसाच खाते, गार, वर जे हाताला लागेल ते लावून. कधी काहीच न लावता. त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, क्लिफर्ड निदान टाय बांधून जाळतो तरी.

मंगळवार उजाडला. कौन्सिलची बाई आली तेव्हा मी व्हरांड्यात उगाच पायपुसणं झटकत होते. तरुण होती, चेहरा हसरा, खांद्याला पिशवी, बूट पावसात भिजलेले. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ती तिचं काम करायला आली होती. जॅनीन तिच्या मागून आत गेली आणि दार उघडंच राहिलं. मग मीही गेले. क्लिफर्डची एक बशी माझ्याकडे होती, ती परत द्यायला आजच्याइतका चांगला दिवस दुसरा नव्हता.

"मिस्टर ऑल्ड्रॉइड," ती बाई म्हणाली, "तुम्ही रोज जसा नाश्ता करता ना, तसाच करा. आम्ही इथे नाहीच असं समजा."

आता तिघी बायका स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभ्या, आणि आम्ही नाहीच असं समजायचं. क्लिफर्डने मान डोलावली. किटली भरली, चालू केली. पाण्याचा थेंब सांडला नाही. चहाची भुकटी कुठे आहे, दूध कुठे आहे, सगळं नीट. जॅनीन माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती, तू काय करतेस इथे म्हणून. मी बशी छातीशी धरून उभी.

मग त्याने पावाचा डबा उघडला. एक स्लाइस काढला. टोस्टरसमोर गेला आणि थांबला.

किटलीचं पाणी उकळलं, किटली आपोआप बंद झाली. तो उभाच. स्लाइस हातात. त्याचा हात डावीकडे गेला, मागे आला. उजवीकडे वळला आणि मधेच अडकला. मला त्याची पाठ दिसत होती, कॉलरवरची इस्त्री दिसत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, घाला हो, घाला उजवीकडे, एकदाच घाला, ती नाही बघत! कौन्सिलच्या बाईने पेन उघडलं. जॅनीनने मान एका बाजूला कलती केली. कुत्र्याला सुई टोचायला नेताना लोक करतात तशी.

मग क्लिफर्डने डब्यात हात घालून दुसरा स्लाइस काढला. एक डावीकडे टाकला, एक उजवीकडे, आणि दट्ट्या दाबला. त्याचे खांदे खाली आले.

"छान," बाई म्हणाली. "दुसरा कुणासाठी आहे, मिस्टर ऑल्ड्रॉइड?"

टोस्टरच्या तारा तेवढ्या कुरकुरत होत्या. मला कळलं, आता हा खरं बोलणार. जन्मभर घंटेचे ठोके मोजून खरं तेच पलीकडे कळवलेला माणूस, त्याला दुसरं काही सुचणारच नाही. आणि मेलेल्या बायकोसाठी टोस्ट लावणाऱ्या म्हाताऱ्याला इथे कोण राहू देणार?

"तो एनि..." त्याने सुरुवात केली.

"माझा!" मी म्हटलं.

दोघींनीही माझ्याकडे पाहिलं. पायपुसणं अजून माझ्या काखेत होतं.

"माझा आहे तो," मी म्हटलं. "मी रोज इथेच नाश्ता करते. हे सांगणार नाहीत, लाजतात. लोक काय म्हणतील याची फार काळजी."

"अय्या, डोरीन!" जॅनीनचं तोंड उघडंच राहिलं. "रोज?"

"रोज. आता बंद कर तोंड, माशी जाईल."

"आणि मला पत्ता नाही!"

"तुला सांगून मी सगळ्या इमारतीला सांगायचं का?"

कौन्सिलची बाई हसली. क्लिफर्ड टोस्टरकडे तोंड करून उभा होता, वळला नाही. त्याचे कान मात्र मागून लाल झालेले दिसले.

खट्ट. दोन्ही वर आले. सोन्यासारखे.

त्याने डाव्याला लोणी लावलं. उजव्याला लोणी लावलं. मी सुटले म्हणते तोच त्याने फडताळ उघडलं, कापडाची टोपी घातलेली एक बाटली काढली आणि तो कडू जहर मुरंबा उजव्या टोस्टवर अगदी कडेपर्यंत पसरला, सालीची एक चीर इकडची तिकडे होणार नाही इतका नीट. बशी माझ्यापुढे धरली. मी स्टुलावर बसले. तिघं बघत होते. मी चावा घेतला.

काय सांगू! डोळ्यांत पाणी आलं. मी हसले.

"आवडतो वाटतं तुम्हाला फार," बाई म्हणाली.

"जीव की प्राण," मी म्हटलं आणि शेवटचा घास चहाबरोबर खाली ढकलला.

बाईने कागदावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही. जाताना तिने क्लिफर्डचा हात हातात घेतला आणि सांगितलं की काळजी करू नका, तुम्ही मजेत आहात, सोबतही आहे. जॅनीन जिन्यावरून उतरतानाच कुणालातरी फोन लावत होती. दुपारपर्यंत पोपटवाल्या गृहस्थांनी मला भुवया उडवून दाखवल्या. मीही त्यांना उडवून दाखवल्या.

त्या दोघी गेल्यावर क्लिफर्ड म्हणाला, "खोटं बोललात, डोरीनबाई."

"मग आता खरं करा," मी म्हटलं. "उद्या किती वाजता येऊ?"

"आठची गाडी गेली की."

तेव्हापासून मी रोज जाते. आठची गाडी पुलावरून जाते, आम्ही दोघं खिडकीशी उभे राहून शेवटचा डबा जाईपर्यंत बघतो, मग तो दोन स्लाइस टाकतो. तो रेडिओ लावतो, मी हवामानाला नावं ठेवते. मी स्टुलावर, तो त्याच्या खुर्चीत, मधली खुर्ची रिकामी. उजव्या टोस्टवर मुरंबा. मला तो पहिल्या दिवशी जितका कडू लागला तितकाच शंभराव्या दिवशी लागला. सवय होते म्हणतात, मला झाली नाही. पण बोलायचं कसं? तो टोस्ट माझा नव्हताच. मी नुसती तो खात होते. एनिड असती तर तिने जिथून चावा सुरू केला असता, तिथे क्लिफर्डची नजर असायची. माझ्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलं नाही. माझ्यासमोर बसूनसुद्धा तो एकटाच होता, आणि मी तर काय, दुसरीच्या ताटावर बसलेली. तरी मी सकाळी लवकर उठायला लागले. गाऊनवर नाही, नीट ब्लाउज घालून जायला लागले. घंटा वाजली नाही. एकदाही नाही.

फडताळातल्या बाटल्या कमी होत गेल्या. आम्ही दोघंही ते बघत होतो, बोलत नव्हतो. पानं गळली, नाताळ आला नि गेला. जानेवारीत खालच्या भाजीवाल्याकडे कडू संत्र्यांची रास लागली आणि त्याच आठवड्यात शेवटच्या बाटलीत सुरी तळाला खडखडली. क्लिफर्डने ती फिरवून फिरवून निपटली. त्या दिवशी टोस्टवर जेमतेम एक पातळ थर होता, एका कोपऱ्याला तर नुसतं लोणीच. मी हळूहळू खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा मला तो मुरंबा संपू नये असं वाटलं, तोंड कडू झालेलं असताना. मग त्याने बाटली गरम पाण्याने धुतली, पुसली, उलटी करून खिडकीत ठेवली.

"संपला," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उठले, ब्लाउज घातला, केस विंचरले, आणि माझ्याच खोलीत बसून राहिले. आता कशाला जायचं? जिच्यासाठी उजवा कप्पा भरायचा तिचं शेवटचं जे काही घरात होतं तेही काल मीच खाऊन टाकलं. आता तो काय करेल? एकच स्लाइस काढेल. डावीकडे टाकेल. मग घंटा, मग अंगण, मग हॅलिफॅक्स. आठची गाडी पुलावरून गेली. मी एकटीने माझ्या खिडकीतून पाहिली, शेवटच्या डब्यापर्यंत. मग भिंतीला कान लावला. पलीकडे काहीच नाही. खटका नाही. मला धीर धरवेना. मी रेनकोट घेतला, लागलाच तर असावा म्हणून, आणि गेले.

दार उघडंच होतं. क्लिफर्ड ओट्याशी उभा होता, टाय बांधलेला. टोस्टर अजून गारच. ओट्यावर दोन स्लाइस शेजारी शेजारी ठेवलेले.

"उशीर केलात," तो म्हणाला. "गाडी गेली."

"पाहिली मी. माझ्या खिडकीतून."

त्याने स्लाइस टाकले, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि दट्ट्या दाबला. मी स्टुलावर बसले. खट्ट करून दोन्ही वर आले. त्याने स्वतःच्या टोस्टला लोणी लावलं. मग उजवा बशीत काढला, सुरी हातात घेतली आणि थांबला. मग वळला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"डोरीनबाई," तो म्हणाला, "तुम्हाला कशाबरोबर आवडतो?"

मी तोंड उघडलं. सांगायला काहीतरी असायला हवं होतं. रॉनी होता तेव्हा मी टोस्टवर काहीतरी लावायची, रोज लावायची, डब्याचं झाकणसुद्धा डोळ्यांसमोर आलं. पण त्यानंतर इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मला आठवेना. काही केल्या आठवेना. मी रेनकोट मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"घाई नाही," क्लिफर्ड म्हणाला. टोस्ट बशीत गार होत होता आणि तो सुरी धरून उभाच होता.